सेटिंगवाले भाऊ

दुसऱ्याच्या कम्प्युटरसमोर बसल्यावर हातातल्या कामाआधी माउसचे सेटिंग बदलणारा गृहस्थ म्हणजे सेटिंगवाले भाऊ. ही जात महाराष्ट्रभर आढळते, पण तिचे निरीक्षण करायला वर्ध्याला लागून असलेली पिपरी (मेघे) फार सोयीची. वर्धा शहर कुठे संपले आणि पिपरीची ग्रामपंचायत कुठे लागली, हे नव्या माणसाला उमगत नाही. सातबारा काढून देणारे सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, टायपिंगचा क्लास, भाड्याच्या खोल्यांतली पोरे आणि मुलगा पुण्याला नोकरीला गेल्यावर घरी मागे राहिलेला त्याचा जुना कम्प्युटर, असे भाऊंच्या उपजीविकेला नव्हे पण उत्साहाला लागणारे सगळे अशा वस्तीत चालत जाण्याच्या अंतरावर असते.

भाऊंचे वय आणि धंदा काहीही असू शकतो. एमएस-सीआयटी मात्र झालेली असते. २००१ साली सुरू झालेल्या या अभ्यासक्रमाने महाराष्ट्रातल्या लाखो लोकांचा हात पहिल्यांदा माउसवर ठेवला. बहुतेकांनी प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडले आणि विषय संपवला. भाऊंचा तिथून सुरू झाला.

त्यांना बोलवावे लागत नाही. ते आधी खुर्चीच्या मागे उभे राहतात. बसलेला माणूस कर्सर हळूहळू वर नेत असतो, आणि भाऊंना ते बघवत नाही. श्वास जोरात चालू होतो. मग खांद्यावरून आवाज येतो, “तुमचा कर्सर लय सुस्त चालते, काकाजी. सरका थोडे, दोन मिनिटं.” काकाजी सरकतात. वीज बिल भरायचे राहून जाते.

पुढची क्रिया ठरलेली आहे. भाऊ विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकदम दाबतात, चौकटीत ‘मेन डॉट सीपीएल’ टाइप करतात आणि एकदा मागे वळून बघतात. कंट्रोल पॅनेलमधून चार क्लिक करून हीच खिडकी उघडते, पण त्यात मागे वळून बघण्याजोगे काही नसते.

खिडकीतला पहिला भाग बटणांचा. डबल क्लिकचा वेग इथे ठरतो. विंडोज मुळात दोन क्लिकमध्ये अर्ध्या सेकंदापर्यंतचे अंतर चालवून घेते. भाऊ ते निम्म्यावर आणतात आणि बाजूच्या पिवळ्या फोल्डरवर टकटक करून त्याची उघडझाप होते हे दाखवतात. भाऊंच्या बोटाखाली तो उघडतोच. सत्तरीतल्या काकाजींच्या बोटाखाली दोन क्लिक हे दोन क्लिकच राहतात, आणि फाइल उघडण्याऐवजी तिचे नाव बदलण्याची चौकट येते. आठवड्याभरात डेस्कटॉपवरच्या निम्म्या फाइलींची नावे ‘क्ककक’ झालेली असतात.

त्याच पानावर क्लिकलॉक नावाची सोय आहे. ज्यांना बटण दाबून धरून ओढायला त्रास होतो, त्यांच्यासाठी ती आहे. बटण क्षणभर दाबून सोडले की कम्प्युटर ते दाबलेलेच धरून चालतो. भाऊ ती चालू करतात, कारण ती बंद असते. त्यानंतर दमाने क्लिक करणाऱ्या प्रत्येक माणसाचा सगळा मजकूर आपोआप निळा होत जातो आणि घरात व्हायरसची चर्चा सुरू होते.

तिसरी सोय उजवे-डावे बटण बदलण्याची. डावखुऱ्यांना तिचा खरा उपयोग. एखाद्या सेवा केंद्रातला ऑपरेटर डावखुरा निघाला की भाऊंचे भाग्य उजळते. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी उजव्या हाताचा माणूस बसतो, जिथे तिथे उजव्या क्लिकची यादी उघडते, आणि दाखल्यासाठी आलेली रांग दारापर्यंत जाते. हे सेटिंग पूर्ववत करायचे तर उजव्या बटणानेच क्लिक करावे लागते. हे फक्त भाऊंना माहीत असते, आणि भाऊ त्या दिवशी हिंगणघाटला लग्नाला गेलेले असतात.

कर्सरच्या वेगाची पट्टी हे भाऊंचे मुख्य कार्यक्षेत्र. तिच्यावर अकरा खुणा असतात आणि कारखान्यातून ती सहाव्या खुणेवर येते. भाऊ दहाव्यावर नेतात. सराईत हाताला हा वेग मानवतो. इतरांचा बाण चौकटीवरून पुढे जातो, परत येतो, मागे जातो, आणि टिकमार्कची बारीक चौकट गाठायला काकाजींना श्वास रोखावा लागतो. याच पानावर ‘स्नॅप टू’ असते. ते चालू केले की नवी चौकट उघडताच बाण आपण होऊन आधीच निवडलेल्या बटणावर जाऊन बसतो. फाइल पुसायची का, या प्रश्नाला बहुधा ‘होय’ हे बटण निवडलेले असते. घाईचे बोट तिथेच पडते.

चाकाचा भाग भाऊ लवकर आटोपतात. एका खाचेला तीन ओळी सरकाव्यात, हे मूळ प्रमाण. भाऊ दहा करतात. वाचणाऱ्याला मग मजकूर शोधत वर-खाली फिरावे लागते, पण लांबची यादी झपाट्याने संपते आणि भाऊंना याद्याच आवडतात.

आता बिघाडांकडे. इथे भाऊंच्या पद्धतीचे मर्म कळते. त्यांच्या मते जगातला प्रत्येक बिघाड हा सेटिंगचा असतो. एका क्लिकला दोन क्लिक पडू लागले, की ते वेगाची पट्टी सरकवतात. खरे कारण बटणाखालच्या स्विचमध्ये असते. आतली धातूची बारीक पट्टी झिजली की एका दाबात ती दोनदा टेकते, आणि कुठल्याही सेटिंगने ती पुन्हा कडक होत नाही. बाण थरथरत असेल, तर पालथ्या माउसच्या भोकात बहुधा केस अडकलेला असतो. बिनवायरी माउस अडखळत असेल तर आधी सेल बदलावा. तरीही अडखळला, तर रिसीव्हर मागच्या निळ्या यूएसबी पोर्टमधून काढून पुढे लावावा, कारण त्या पोर्टच्या वेगवान कामाचा गोंगाट माउसच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो.

ऑफिसातल्या टेबलावरची काच हे आणखी एक कारण. काचेखाली कॅलेंडर, गजानन महाराजांचा फोटो आणि चार व्हिजिटिंग कार्डे असतात. ऑप्टिकल माउसच्या पोटात छोटा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारावर चित्रे काढतो आणि आधीच्या चित्राशी ताडून हात किती सरकला ते ठरवतो. स्वच्छ काचेवर ताडायला काही मिळत नाही, म्हणून बाण भलतीकडे पळतो. माउसखाली जुनी लग्नपत्रिका ठेवली, तरी भागते. पत्रिकेवर मात्र चमकी नसावी.

दोष माउसचा की कम्प्युटरचा, हे ठरवण्याचा सोपा उपाय म्हणजे माउस काढून दुसऱ्या कम्प्युटरला लावणे. खोड सोबत गेली, तर माउस बदलायचा. नाही गेली, तर सेटिंग बघायचे. भाऊ हा उपाय करत नाहीत, कारण त्याने निकाल एका मिनिटात लागतो.

या जातीचा इतिहास माउसच्या इतिहासाला समांतर आहे. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत पहिला माउस बनवला. तो लाकडाचा होता, त्याला दोन चाके आणि एक बटण होते. त्याला सेटिंग नव्हते, म्हणून भाऊही नव्हते. आपल्याकडच्या भाऊंची पहिली पिढी बॉलवाल्या माउसवर वाढली. त्यातला रबरी गोळा टेबलावरची धूळ पोटात नेई आणि आतल्या रुळांवर काळी वळी चढे. ती नखाने खरवडून स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची असे, आणि कापसाच्या जिल्ह्यात बोळ्याला तोटा नव्हता. ते काम खरे उपयोगाचे होते. १९९९ नंतर ऑप्टिकल माउस पसरले, गोळा गेला, आणि रिकामा झालेला हात सेटिंगच्या खिडकीकडे वळला.

भाऊंच्या पदरात पुण्यही आहे. माउस बंद पडला, की डावीकडचे आल्ट आणि शिफ्ट धरून नम लॉक दाबायचे आणि आकड्यांच्या बटणांनी बाण चालवायचा, ही युक्ती वस्तीत त्यांनाच येते. सेवाग्रामला मोतीबिंदूचे ऑपरेशन करून आलेल्या आजींना बाण दिसेना, तेव्हा त्यांनी तो मोठा आणि काळा करून दिला. “आता दिसते का, आजी?” असे विचारत विचारत आकार ठरवला. आजी नातवंडांचे फोटो अजून त्याच बाणाने बघतात. एरवीचे आणि हे सेटिंग यांत फरक एवढाच, की इथे भाऊंनी विचारले. एरवी ते समोरच्याच्या कम्प्युटरला आपला हात बसवतात आणि समोरच्याचा हात निराळा आहे, हे त्यांना शेवटपर्यंत पटत नाही.

विंडोजला ते पटलेले आहे. तिथे माउसचे सेटिंग माणसागणिक वेगळे साठवले जाते, प्रत्येकाने आपल्या नावाचे खाते उघडावे एवढीच अट असते. घरात आणि सेवा केंद्रात सगळे एकाच खात्यावर बसतात, म्हणून एकाचे सेटिंग सगळ्यांना भोगावे लागते. उपाय त्यातच आहे. काकाजींचे एक, काकूंचे एक, अशी खाती करावीत आणि एक साधे खाते ‘भाऊ’ नावाने उघडून द्यावे. तिथे वेग दहावर न्यावा, चाक शंभर ओळींवर न्यावे, बाणाला शेपटी लावावी. काकाजींच्या बाणाला धक्का लागत नाही. काकाजींच्या खात्याचा पासवर्ड काय, असे भाऊ चहा पिताना सहज विचारतात. तो सांगू नये.