लिहून ठेवा, वहिनी!

आष्टीत फुटबॉल बघणारे किती, हे मोजायला हाताची बोटं पुष्कळ झाली. त्यांतले एक नेमके आमच्या तारेच्या कुंपणापलीकडे राहतात. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. कोल्हापूरच्या मुक्कामात कधीतरी शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना बघितला आणि हे खूळ जे डोक्यात शिरलं ते निघालंच नाही. आता निवृत्त झालेत, म्हणून रोज सकाळी कुंपणाशी येऊन भाकीत टाकतात. सुरुवात ठरलेली, "लिहून ठेवा, वहिनी!" पैज एका कपाची. अण्णा हरले तर चहा त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी करायचा, हे अण्णांनी परस्पर ठरवलेलं.

2025च्या एप्रिलात मी अंगणात कांदे निवडत बसले होते. इंडियन सुपर लीगचे प्ले-ऑफ चालू होते. मुंबई सिटी सहाव्या नंबरावर येऊन कशीबशी आत घुसली आणि बेंगळुरूकडून पाच गोल खाऊन परत आली. फेडला एकही नाही.

"मुंबईचं सोडा," अण्णा म्हणाले. "आता गोवा. लिहून ठेवा, फायनलला गोवाच."

"कोच कोण त्यांचा?"

"मार्केझ. स्पेनचा हाये. आपल्या भारताच्या टीमचा कोच बी तोच."

"मग दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अण्णा."

अण्णांना हे लागलं. पण झालं तसंच. उपांत्य फेरीचा पहिला सामना गोवा बेंगळुरूकडून दोन गोलांनी हरलं होतं. 6 एप्रिलला फातोर्ड्यात त्यांनी ते दोन्ही फेडले, आता जादा वेळ खेळायचा म्हणून लोक सरसावून बसले, तर नव्वद मिनिटं उलटून गेल्यावर बेंगळुरूच्या सुनील छेत्रीनं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला. चाळिशीचा माणूस! आदल्या जूनमध्ये भारताकडून निवृत्त होऊन मार्चमध्ये परत आलेला.

"निवृत्ती घेऊन परत येतात, हे कुठं शिकला म्हणे?" मी विचारलं.

"पवार साहेबांकडं," अण्णा म्हणाले. "पण साहेबांनी 2023ला राजीनामा तीन दिवसांत मागं घेतला. ह्यानं नऊ महिने तरी दम काढला."

मला मुळात ते प्ले-ऑफच पटत नव्हते. मोहन बागान चोवीस सामने खेळून पहिलं आलं, मग पुन्हा परीक्षा कशाला? अण्णा समजावून सांगायला लागले की पहिल्या नंबराला ढाल मिळते आणि कप वेगळा असतो. 2024 साली ढाल बागाननं मिळवली, आणि कप मुंबईनं त्यांच्याच कोलकात्यात जाऊन 3-1नं उचलला.

"म्हणजे 2019चं आपलं सरकार," मी म्हटलं. "105 आमदारवाले विरोधात आणि 56वाल्यांचा मुख्यमंत्री."

अण्णा तारेवर इतके पुढं झुकले की सदरा अडकला. "बरोब्बर! आन 2022ला चाळीसेक जण गुवाहाटीला गेले तो सेकंड लेग! त्याचा निकाल रेफरीनं द्यायचा, तर खेळणारेच कोर्टात."

इतकी वर्षं पेपर वाचून मला ते राजकारण कळलं नव्हतं, ते त्या दिवशी कळलं. साखळीत मतदार खेळतो, प्ले-ऑफ आमदार खेळतात. मतदाराला त्याचं तिकीटसुद्धा मिळत नाही.

काकू आतून म्हणाल्या, "चेंडूत राजकारण आणू नका." पण ते आणायला कुंपणावर कशाला यायला हवं? भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष बारा-तेरा वर्षं कोण, तर आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल. मुदत संपली तरी निवडणूक होईना, म्हणून 2022च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं प्रशासक बसवले. त्यावर फिफानं भारतावर बंदी घातली आणि पंधरवड्याच्या आत उठवली. मग निवडणूक झाली. एका बाजूला बायचुंग भूतिया, ज्याचं नाव खेळ न बघणाऱ्यालाही ठाऊक. दुसऱ्या बाजूला कल्याण चौबे, एकेकाळचे गोलकीपर आणि आता भाजपचे नेते. चौबेंना 33 मतं, भूतियाला एक. "ग्रामपंचायतीला पडलेल्याला बी घरची चार मतं असतात हो," अण्णा हळहळले.

भाकितांत अण्णा एकटे चुकत नाहीत, एवढा त्यांना आधार आहे. 2024च्या लोकसभेला ॲक्सिस माय इंडियानं एनडीएला 361 ते 401 जागा दिल्या होत्या, आल्या 293. त्यांचे प्रदीप गुप्ता वाहिनीवरच रडले. त्या दिवशी आमच्या बीडची मोजणी रात्रीपर्यंत चालली. कधी पंकजाताई पुढं, कधी बजरंग बप्पा, शेवटी 6,553 मतांनी बप्पा आले. तेव्हाचा एक कप अण्णांकडून यायचाय. मग विधानसभेला आष्टीत चौरंगी लढत झाली. "हजार-दोन हजारांत निकाल, लिहून ठेवा," अण्णा म्हणाले. सुरेश धस 77 हजारांहून जास्त मतांनी आले. दुसरा कप.

"पण मी रडलो का?" अण्णा विचारतात. खरं आहे. आणि चॅनेलवाल्यांना तर चहासुद्धा पाजावा लागत नाही. काल सांगितलेलं आज साफ चुकलं तरी तेच चौघं त्याच खुर्च्यांवर बसून ते का चुकलं हे सांगतात, आणि आपण जेवता जेवता ऐकतो.

बीडचं नाव टीव्हीवर येतं ते कशासाठी, यावर मात्र अण्णा गप्प होतात. मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनाचं प्रकरण दाखवलंच पाहिजे होतं, त्यात दोन मतं नाहीत. पण पुण्याचे पाहुणे विचारतात ना, "तुमच्याकडं राहता कसे?" तेव्हा जीव तुटतो. आमच्या तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2022ला बर्मिंगहॅममध्ये केनियाच्या पहिल्या गड्यापेक्षा फक्त 0.05 सेकंदानं मागं राहिला. राष्ट्रकुलच्या त्या स्टीपलचेसमध्ये 1998पासून केनियाशिवाय कुणाला पदकच मिळालं नव्हतं. तेव्हा कॅमेरे मांडव्याला आले, दोन दिवस राहिले, गेले. पाहुण्यांना मांडवा विचारा, माहीत नाही.

इकडं 2025च्या त्या प्ले-ऑफनंतर लीगचंच बिनसलं. महासंघ आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा करार संपत आला, नवा होईना. एरवी सप्टेंबरात सुरू व्हायची ती लीग 14 फेब्रुवारी 2026 उजाडल्यावर सुरू झाली. मध्ये खेळाडू घरी बसून. वेळ पुरणार नाही म्हणून एकच फेरी आणि प्ले-ऑफ रद्द.

"बघा, तुमचं ऐकलं," अण्णा कडवट तोंडानं म्हणाले. "पहिला तोच राजा. आता मी भाकीत कशाचं करू?"

"वर्ल्ड कप आहे की जूनमध्ये. अठ्ठेचाळीस टीम, कितीही चुका."

"फ्रान्स," अण्णा तत्काळ म्हणाले. "लिहून ठेवा."

"आधीचे तीन कप द्या. गोव्याचा धरून."

अण्णांनी घराकडं एकदा बघितलं, काकू ऐकत नाहीत याची खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणला. "बाकी पुढच्या निवडणुकीत वळती करून घ्या ना, वहिनी. तिला सांगू नका."