पाय पुढे येत नाही

शिवाजी पार्कात एप्रिल लागला की दोन गोष्टी वाढतात, धूळ आणि बाप. धुळीवर निदान पालिका पाणी मारते.

मी म्हणतोय तो नेटच्या कडेला उभा असणारा बाप. त्याला ओळखायला फार वेळ लागत नाही. वय चाळिशीच्या पलीकडे. अंगात आयपीएलमधल्या कुठल्यातरी संघाचा टी-शर्ट, तो पोटावर असा ताणलेला की प्रायोजकाचं नाव केळुसकर रोडवरून वाचता यावं. पायांत धावण्याचे महागडे बूट, तळवे नवेकोरे. एका खांद्यावर मुलाची कीटबॅग, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, केळी आणि मोबाइलचा ट्रायपॉड. मागून चिरंजीव मोकळ्या हातांनी, कट्ट्यावरची कुत्री न्याहाळत. दादर स्टेशनपासून पार्क काही लांब नाही, तरी ही जोडी टॅक्सीने येते. "त्याची एनर्जी नेटसाठी राखायची असते," बाप सांगतो. स्वतःची तो कशासाठी राखून ठेवतो, हे विचारायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

बोलण्यात तो आणि मुलगा वेगळे नसतात. "काल आम्ही चाळीस केले." "बाकी सगळं झकास आहे हो, फक्त आमचा पाय पुढे येत नाही." "परवा अंपायरने आम्हाला ढापलं." एकदा मीच विचारलं, आज काय झालं? तर म्हणाला, "मूर्खासारखा फटका मारला त्याने." म्हणजे चाळीस दोघांचे, शून्य मात्र एकट्याचं.

त्याची स्मरणशक्ती अफाट असते. बायकोचा वाढदिवस मोबाइल सांगतो, पण १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये सचिन आणि कांबळीने केलेल्या ६६४ धावांच्या भागीदारीच्या त्या डावात ३२६ कुणाचे आणि ३४९ कुणाचे, हे त्याला झोपेतून उठवून विचारा. पृथ्वी शॉचे ५४६, कल्याणच्या प्रणव धनावडेचे नाबाद १००९, सगळं तोंडपाठ. २०२५ च्या आयपीएलमध्ये वैभव सूर्यवंशीने चौदाव्या वर्षी ३५ चेंडूंत शतक ठोकलं, त्या रात्री सारा देश नाचला. हा एकटा गॅलरीत येरझारा घालत होता. चिरंजीवांना बारावं चालू. "म्हणजे आपल्याकडे दोनच वर्षं उरली," तो दुसऱ्या दिवशी मला म्हणाला. चेहरा असा की कर्जाचे हप्ते थकलेत.

या पार्कातली सगळ्यात गाजलेली गोष्ट त्याला अर्थातच माहीत आहे. माहीत कसली, येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती अडवून सांगतो. मोठा भाऊ अजित लहानग्या सचिनला आचरेकर सरांकडे घेऊन आला. सर समोर उभे राहिले आणि पोराला धड एक फटका जमेना. अजितने सरांना विनंती केली, की तुम्ही गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. सर झाडाआड गेले, मुलगा मोकळा झाला आणि खेळला. पुढचं जगाला ठाऊक आहे. ही गोष्ट आमचा बाप डोळ्यांत पाणी आणून सांगतो. कुठे उभा राहून सांगतो? स्टंपच्या बरोब्बर मागे, जाळीला नाक लावून, मुलापासून दहा फुटांवर. मध्येच गोष्ट थांबवून ओरडतो, "अरे, खांदा! खांदा!"

त्याच सचिनचे वडील, रमेश तेंडुलकर, कवी होते, कीर्ती कॉलेजात मराठी शिकवायचे. जाळीला नाक लावून उभं राहणाऱ्यांपैकी ते नव्हते. हा भाग मात्र आमच्या बापाच्या कथनातून नेहमी गळतो.

आचरेकर सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला आउट करील त्याला तो रुपया, नाही झाला तर सचिनला. बापाने महागाई लक्षात घेऊन स्टंपखाली पाचशेची नोट ठेवली. चिरंजीवांनी दुसऱ्याच चेंडूवर बॅट बाजूला घेऊन दांडी उडवून दिली. बापाला वाटलं, पाय पुढे आला नाही. मला वाटलं, पोरगं हुशार आहे. बोलर त्याचा जिवलग मित्र, आणि त्या संध्याकाळी दोघं पावभाजीच्या गाडीवर एक्स्ट्रा बटर मागताना दिसले.

आता जरा नेटचाच हिशेब मांडू. दोन तासांचं सत्र, एका नेटला पंधरा-वीस पोरं. वाट्याला येते सहा-आठ मिनिटांची बॅटिंग आणि अधूनमधून बोलिंग. उरलेला वेळ रांगेत, कमरेवर हात ठेवून. त्यात घाम गाळावा लागतो तो शिक्षा म्हणून. उशीर झाला, दोन राउंड. कॅच सुटला, चार राउंड. पुस्तक विसरलं की शाळेत उठाबशा, आणि पी.टी.चा तास तर गणिताच्या बाई जूनमध्येच मागून घेतात. इतकं झाल्यावर धावणं ही सजा असते हे मुलाच्या मनात पक्कं बसतं. मोठेपणी तोही महागडे बूट घालून टॅक्सीत बसतो. या बापाचं तेच झालंय, असा माझा अंदाज आहे.

याच पार्कात समर्थ व्यायाम मंदिर आहे. तिथे मुलं-मुली मल्लखांबावर उलटी लटकून एकमेकांना जीभ काढून दाखवत असतात. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरीस नावारूपाला आणलेला हा खेळ तिथे उदय देशपांड्यांनी परदेशी पोरांनाही शिकवला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमचा बाप रोज तिथून जातो, पण तिकडे बघत नाही. एकदा चिरंजीव थबकले, दोराच्या मल्लखांबाकडे टक लावून बघत राहिले. "चल," बाप म्हणाला. "त्याचा लिलाव होत नाही."

निवड चाचणीच्या दिवशी चिरंजीवांच्या पोटात दुखायला लागतं. आदल्या रात्री सुरू होतं, चाचणी झाली की थांबतं. बापाने पाणी बदललं, दूध बदललं, बॅटची ग्रिपसुद्धा बदलली. शेवटी फॅमिली डॉक्टर गाठले. हे डॉक्टर आमच्याच गल्लीतले, जुन्या वळणाचे, पेशंटपेक्षा पेशंटबरोबर आलेल्या माणसाकडे जास्त बघणारे. हा प्रसंग मला खुद्द बापाने सांगितला, तक्रार म्हणून.

डॉक्टरांनी मुलाचं पोट दाबलं, जीभ पाहिली, आणि त्याला बाहेर मासे बघायला पाठवलं. मग बापाच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"अहो डॉक्टर, पेशंट तो आहे."

"असं? झोप कशी लागते तुम्हाला?"

"मॅच असली की लागत नाही."

"तुमची?"

"आमची म्हणजे, त्याची."

"जेवण?"

"आउट झाला की जात नाही."

बीपी वर निघालं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम काय करता? बाप म्हणाला, रोज दोन तास ग्राउंडवर असतो. "ग्राउंडवर तर कावळेही असतात," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस ऐकवली. मोठ्या माणसाने आठवड्यात निदान १५० मिनिटं दम लागेल असं चालावं-बिलावं, आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास अंग मोडून हुंदडावं. जगातली ११ ते १७ वयातली दहापैकी आठ मुलं तेवढं करत नाहीत. "तुमचा मुलगा क्रिकेट शिकतो, तरी तो त्या आठांतच आहे. रांगेत उभं राहणं धरत नाहीत. आणि तुम्ही कुठे आहात ते तर विचारूच नका."

बापाने विचारलं, पोटासाठी काही गोळी? डॉक्टर म्हणाले, पोट ठीक आहे, भीती वाटतेय त्याला. खेळाने मनावरचा ताण उतरतो, झोप लागते, उदास वाटणं कमी होतं, हे आता मानसोपचारवालेही मान्य करतात. पण त्यासाठी तो खेळ असावा लागतो, दर आठवड्याची परीक्षा नव्हे. "त्याला रोज तासभर मनासारखं खेळू द्या. त्या तासात तुम्ही दुसरीकडे बघा आणि चाला." पुढे म्हणाले, फी दोघांची घेतोय.

दुसऱ्या दिवसापासून बाप कट्ट्याच्या कडेने चालायला लागला. आता पार्काला फेरी मारायची म्हणजे निम्मा वेळ नेट दिसणार. त्यामुळे त्याचे पाय पुढे आणि मान सतत उजवीकडे, अशी स्वारी निघायची. समोरून येणारा माणूस त्याला दिसेना. पहिल्या आठवड्यात एक चणेवाला, दोन निवृत्त न्यायाधीश आणि लाफ्टर क्लबचा अख्खा घोळका यांच्यावर तो आदळला. लाफ्टर क्लबवाले हसले, पण ते तर हसायलाच जमलेले. मी सुचवलं, उलट दिशेने फिरा. म्हणाला, मग मान डावीकडे जाईल, आणि डावीकडे माझी स्पाँडिलायटिसची शीर आहे.

मोबाइलवर त्याने पावलं मोजायचं ॲप घेतलं आणि महिन्याभरात तेही मुलाच्या खिशात सरकवलं. "आमची आज नऊ हजार झाली," असं मला सांगताना तो बाकावर बसला होता.

बदल थोडासा घडला तो वेगळ्याच ठिकाणी. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या पॅसेजमध्ये रविवारी अंडरआर्म क्रिकेट चालतं. टेनिस बॉल, एक टप्पी आउट, भिंतीला डायरेक्ट लागला तर आउट, तळमजल्याच्या काकूंच्या कुंड्यांत गेला तर आउट आणि बॉल आणायचाही त्यानेच. सहा वर्षांच्या मुलीपासून गुडघा बदललेल्या आजोबांपर्यंत सगळे खेळतात. चिरंजीव इथे चोरून येतात, कारण टेनिस बॉलने तंत्र बिघडतं असं बापाचं मत. एका रविवारी बाप त्याला ओढून न्यायला आला आणि नेमका एक भिडू कमी होता. कुणीतरी त्याच्या हातात बॅट कोंबली.

त्याने गार्ड घेतला. लेग स्टंप मागितला. इथे स्टंप म्हणजे एक प्लास्टिकचं स्टूल, त्याला लेग चार. सहा वर्षांच्या मुलीने बॉल टाकला. बापाचा पाय जागेवरच राहिला, बॅट हवेत फिरली, आणि स्टूल पडलं.

"ट्रायल बॉल होता!" बाप ओरडला.

"नाही हं, मी आधीच सांगितलं होतं ट्रायल नाही," ती मुलगी म्हणाली, आणि खरंच सांगितलं होतं.

तेवढ्यात मागून चिरंजीवांचा आवाज आला, अगदी जाळीमागून येतो त्याच पट्टीत : "बाबा, पाय! पाय पुढे येत नाही!"

सगळा पॅसेज हसला. बाप दहा मिनिटं भांडला, मग फील्डिंगला गेला, कुंड्यांतला बॉल आणताना पोटरी धरून बसला आणि उरलेला डाव आजोबांच्या शेजारी खुर्चीत बसून कॉमेंट्री करत राहिला. त्या रात्री त्याला झोप लागली, असं त्याच्या बायकोचं म्हणणं आहे. घोरणं ऐकून तिला मात्र लागली नाही.

यातून तो सुधारला असं समजू नका. सोमवारी तो पुन्हा जाळीपाशी होता, ट्रायपॉडसकट. असले बाप सुधारत नाहीत. फार तर रविवारपुरते ते स्वतः खेळतात, आणि मग तेवढा वेळ मुलगा सुटतो. एवढंही पुष्कळ आहे.

तर असे आणखी कुणी बाप वाचत असतील तर त्यांना निरोप. दर रविवारी संध्याकाळी पाच ते दिवेलागणी आमचा खेळ असतो. फी नाही, निवड चाचणी नाही, शूटिंगला बंदी आहे. बॅट्समन आणि बोलर भरपूर आहेत. आम्हाला कॉमन कीपर हवाय. स्टंपच्या मागे तासन्‌तास उभं राहायचा अनुभव तुम्हाला आहेच, फक्त इथे वाकावं लागेल. बुटांची चिंता नको, आम्ही चपलेनेच खेळतो.