कुणीतरी मागवलंच असेल

प्रयोगशाळेत बाटली दोनदा संपते. पहिल्यांदा, तळाशी दोन ग्रॅम अगारोज उरतं तेव्हा. उरवणारा ती बाटली गुपचूप फळीवर ठेवून देतो, कारण रिकामी केली तर खरेदीचा इंडेंट त्यालाच भरावा लागेल. दुसऱ्यांदा ती संपते रात्री अकरा वाजता, दुसरा कुणी जेल ओतायला येतो तेव्हा. मधल्या तीन आठवड्यांत सगळ्यांची समजूत एकच असते: कुणीतरी मागवलंच असेल.

हे 'कुणीतरी' लॅबमधलं सर्वांत कष्टाळू पात्र. सगळी कामं त्याच्यावर सोपवलेली. हजेरीपटावर मात्र त्याचं नाव नाही.

समजा, एखाद्याला लाज वाटलीच आणि त्याने इंडेंट भरला. मग गाईडची सही. प्रोजेक्टच्या कन्झ्युमेबल्सच्या हेडमध्ये पैसे शिल्लक आहेत, असा अकाउंट्सचा शेरा. मग तीन कोटेशनं. ही तिन्ही कधीकधी एकच एजंट घेऊन येतो, लेटरहेड तेवढी वेगवेगळी. मग तुलनात्मक तक्ता, एल-वन म्हणजे सर्वांत स्वस्त बोली, पर्चेस ऑर्डर आणि सप्लायरचं अमर वाक्य: 'माल इम्पोर्टेड आहे सर, सहा ते आठ आठवडे.'

या साऱ्या खटाटोपात सरकारचे चारशे रुपये वाचले असं धरू. आता दुसरी बाजू मांडू. जानेवारी 2023पासून कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप महिन्याला 37,000 रुपये आहे, म्हणजे दिवसाला बाराशेच्या वर. बाटलीअभावी तो महिनाभर कॅन्टीनमध्ये बसला, तर चारशे वाचवायला आपण सदतीस हजार घातले. ऑडिटमध्ये मात्र हा महिना कुठेच दिसणार नाही. कोटेशन दोनच का जोडली, यावर आक्षेप निघतो; प्रयोग महिनाभर का थांबला, यावर आजवर निघालेला ऐकिवात नाही. फाइलला पैसा दिसतो, कॅलेंडर दिसत नाही.

एल-वनची आणखी एक गंमत. सर्वांत स्वस्त ग्लोव्हज येतात. चढवतानाच फाटतात. म्हणून सगळे दोन-दोन जोड्या चढवतात. खोका निम्म्या दिवसांत संपतो. पुढच्या तक्त्यात तोच ग्लोव्ह पुन्हा एल-वन, कारण तक्त्यात किंमत एका नगाची असते, एका हाताची नसते. पिपेटच्या टिप्सचंही तेच: स्वस्तातल्या टिप्स पिपेटवर नीट बसत नाहीत, मग दोन मायक्रोलिटरच्या जागी किती पडलं हे नशिबावर.

दिल्लीने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. दिल्ली करते, म्हणून तर भीती वाटते. संशोधन संस्थांच्या उपकरणांवर आणि कन्झ्युमेबल्सवर पाच टक्के सवलतीचा जीएसटी होता. जुलै 2022मध्ये सवलत गेली, दर अठरापर्यंत गेला. अनुदानं पाचाच्या हिशेबाने मंजूर झालेली, ती तिथेच राहिली. जुलै 2024च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या आयात रसायनांवर सीमाशुल्क दहावरून थेट दीडशे टक्के झालं. रोख म्हणे प्रयोगशाळेच्या नावाखाली अल्कोहोल आणणाऱ्यांवर होता. बाण लागला एन्झाइम मागवणाऱ्यांना. ओरड झाल्यावर आठ-दहा दिवसांत दर पुन्हा दहावर आला, सोबत माल स्वतःच वापरू असं हमीपत्र. जणू ट्रिस बफर विकून पीएचडीवाले पबमध्ये जातात.

पुढे जून 2025मध्ये शहाणपण आलं. वैज्ञानिक संस्थांना विनाकोटेशन खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख झाली. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलबाहेरून वैज्ञानिक साहित्य घेण्याचा अधिकार संचालक आणि कुलगुरूंना मिळाला. खुर्च्या, झेरॉक्सचा कागद आणि अँटीबॉडी हे तीन वेगळे पदार्थ आहेत, हे मान्य व्हायला नऊ वर्षं लागली, पोर्टल 2016चं. आता दार उघडं आहे, तरी बऱ्याच कचेऱ्यांत फाइल सवयीने जुन्याच खिडकीशी रांगेत उभी राहते. अधिकार मिळाला तरी सही करणाऱ्याला सेवानिवृत्तीही प्यारी असते.

वेळेत मिळण्याचा भरवसा नाही म्हटल्यावर माणूस काय करतो? साठा करतो. आणि साठ्याचा सण मार्चमध्ये येतो. वर्षअखेरची खर्चाची घाई म्हणजे आर्थिक शिस्तीचा भंग, असं केंद्राचे वित्तीय नियम स्वच्छ सांगतात. पण पैसे उरले तर परत जातील आणि पुढच्या हप्त्याला कात्री लागेल, हेही सगळ्यांना स्वच्छ कळतं. मग मार्चमध्ये पाच वर्षांची कव्हरस्लिप येते आणि वर्षभरात मुदत संपणारं एन्झाइम तिप्पट येतं. ते उणे वीसच्या फ्रीजरमध्ये, बर्फाच्या थराखाली, एका सीनियरच्या खासगी डब्यात जातं. डब्यावर 'हात लावू नये'. सीनियर पोस्टडॉकला जर्मनीत. डबा इथेच. खाली नवा विद्यार्थी त्याच एन्झाइमचा इंडेंट भरतोय.

म्हणजे टंचाई कपाटातही असते आणि कपाटामुळेही असते. खरा पुरवठा विभाग शेजारची लॅब: 'थोडं टॅक पॉलिमरेज आहे का रे, पुढच्या आठवड्यात परत करतो.' देशातल्या कित्येक शोधनिबंधांच्या शेवटी आभार मानावेत ते या उसनवारीचे. मानतात फंडिंग एजन्सीचे.

उपाय अवघड नाहीत. शेवटून दुसरी बाटली उघडली की मागणी निघालीच पाहिजे. फ्रीजरमध्ये काय आहे याची यादी सीनियरच्या डोक्यात नको, फ्रीजरच्या दारावर हवी. आणि तुलनात्मक तक्त्यात एक रकाना वाढवावा: माल यायला लागणारे दिवस गुणिले फेलोशिपचे दिवसाचे रुपये. मग एल-वन कोण, ते पुन्हा ठरवू.

एकच अडचण आहे. पुष्कळ विद्यार्थ्यांची फेलोशिपही महिनोन्महिने जमा होत नाही. त्यामुळे हिशेब तपासणारा म्हणेल, त्याच्या दिवसाची किंमत शून्यच दिसते, तक्ता बरोबर आहे.