३१ मार्चचा मुहूर्त

३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन. १ एप्रिलला मूर्ख ठरू नये म्हणून आदल्याच दिवशी शहाणे व्हा, असा हा २०११ पासूनचा सल्ला. आपल्याकडे त्या दिवशी अख्खा देश इयर एंडिंगमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे शहाणपण पुढच्या आर्थिक वर्षात ढकललं जातं.

मग कधीतरी लॅपटॉप आचके देऊ लागतो आणि घरात संशोधन सुरू होतं. हार्ड डिस्क की एसएसडी? एक टीबी की दोन? भाचा म्हणतो, "मामा, आता हार्ड डिस्क कोण घेतं?" वास्तविक फिरत्या तबकडीच्या डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात उरल्यात तीन : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. तिघींतून एक निवडायला आपल्याला दिवाळी सेल उजाडावा लागतो.

त्यात कुणाला तरी दीड-दोन हजारांत सोळा टीबीची एसएसडी सापडते. ही उघडली तर आत गोंदाने चिकटवलेलं मेमरी कार्ड निघतं. खोटं बोलायचं त्याला पढवलेलं असतं. खरी जागा संपली की ते जुन्यावरच नवं लिहीत सुटतं. फायलींची नावं जागच्या जागी दिसतात, फक्त उघडत नाहीत.

याउलट अस्सल माल घेणारा दुकानात भांडतो, कारण एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. चोरी कुणीच केलेली नाही.

खरा पराक्रम पुढे. डिस्क घरी आली की मालक पहिल्यांदा काय करतो, तर सगळे फोटो कट करून तिच्यावर पेस्ट. लॅपटॉप मोकळा, मालक खूश! अहो, काल एकच प्रत होती, आजही एकच आहे. फक्त आज ती टेबलाच्या कडेला लोंबत्या केबलवर आहे. खाली पडलीच, तर वॉरंटीवालाही पडझडीला हात वर करतो. आणि आपणहून बिघडली तर बदलून मिळते ती कोरी.

म्हणून लॅपटॉपच्या दुप्पट जागेची, साधी फिरती डिस्क घ्या. कपाटात वर्षानुवर्षं विजेविना पडून राहायचं काम एसएसडीचं नव्हेच. कॉपी झाली की केबल काढा. रॅन्समवेअर घुसलं तर जोडलेल्या डिस्कलाही कुलूप ठोकतं. अधूनमधून एखादी फाइल उघडून बघा. आणि डिस्क दोन घ्या. "दोन कशाला?" असं विचारणाऱ्याच्या स्वयंपाकघरात सिलिंडर बहुधा दोन असतात.

दुसरी बहिणीकडे ठेवा. तिची मुलं त्यावर सिनेमे भरतील, म्हणून पासवर्ड लावा. तो कागदावर लिहून त्याच डिस्कला सेलोटेपने चिकटवू नका, एवढं मात्र करा.