वरच्या मजल्यावरची चढाई

सकाळी पाच चाळीसला आमच्या बेडरूमचं छत जागं होतं. आधी एक धप्प. मग दोन सेकंद काही नाही. मग पुन्हा धप्प, आणि या दोन धपांच्या फटीतून स्लॅब भेदून येणारा घोगरा जप : कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी. आमचा पंखा बंद असला तरी हलतो. "कॅप्टन उठले," असं म्हणून ही कूस बदलते आणि मिनिटभरात घोरू लागते. मी मात्र जप मोजत पडून राहतो. तो कुठे तुटतो ते कळल्याशिवाय मला डोळा मिटता येत नाही.

कॅप्टन सैन्यातले नव्हेत. सोसायटीत नव्याने राहायला आलेली माणसं पहिले सहा महिने त्यांना कडक सॅल्यूट ठोकतात, पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी त्यांच्याच हातात देतात, आणि कॅप्टनही नको म्हणत नाहीत. ते कॅप्टन आहेत कबड्डीचे. आधी लालबाग-परळकडच्या एका मंडळाच्या संघाचे, मग खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली त्या बँकेच्या संघाचे. 'होते' असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. मी एकदा म्हणून पाहिलं. "कॅप्टन निवृत्त होतो का रे? बँक निवृत्त होते."

असा एकजण तुमच्याही जिन्यात असणार. कुणी माजी मल्ल असेल, पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या स्कूटरला धरून बैठका काढणारा. कुणी कॉलेजकडून क्रिकेट खेळलेला, मिटलेल्या छत्रीनं स्क्वेअर कट मारत दूध आणायला जाणारा. ही माणसं निरुपद्रवी असतात, फक्त त्यांच्या खालच्या मजल्यावर राहू नये.

आमच्या कॅप्टनांची खोड अशी की ते सगळं आयुष्य दमात मोजतात. चढाई तीस सेकंदांची. तेवढा वेळ पंचांना ऐकू जाईल असं 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं. दम तुटला की चढाई फुकट. तेव्हा तीस सेकंद म्हणजे एक दम, हे कॅप्टनांचं कोष्टक. त्यांच्या घरी चहा नऊ दमांत होतो. कुकरमधली तूरडाळ चोवीस दम. लिफ्ट खाली यायला दीड. डोंबिवली ते दादर फास्ट लोकलनं नव्वद, ठाण्याला सिग्नल लागला तर शंभर. सोसायटीत एका ज्येष्ठ सभासदांच्या शोकसभेत दोन मिनिटं स्तब्धता पाळायची होती. मी कॅप्टनांच्या शेजारी उभा होतो. त्यांचे ओठ हलत होते. सेक्रेटरींना वाटलं, प्रार्थना चालली आहे, त्यांचेही डोळे पाणावले. चार दम झाले आणि कॅप्टन खाली बसले. सेक्रेटरींच्या घड्याळाच्या वीस सेकंद आधी.

या माणसाला घरच्या घरी व्यायाम करायची उपरती झाली, तिला २६ जानेवारी २०२३ जबाबदार आहे, आणि थोडा मी. त्या दिवशी सोसायटीच्या खेळांत कॅप्टनांना आधी लिंबू-चमच्याचे पंच केलं. एवढा मोठा खेळाडू आणि लिंबं मोजायला बसवलेला. ते गप्प राहिले. मग साठीपुढच्यांसाठी संगीत खुर्ची होती, तिच्यात ते उतरले. संगीत थांबल्यावर खुर्ची पकडायची असते. कॅप्टननी समोरच्या विंगमधल्या आजोबांच्या घोट्याला हात लावला, पळत आपल्या जागी आले आणि गुण मागू लागले. पहिल्याच फेरीत बाद. संध्याकाळी लिफ्टही बंद पडली. तीन मजले चढून जायचं होतं. दुसऱ्यावर, बरोबर आमच्या दारासमोर, कॅप्टनांचा दम तुटला.

ते आमच्या चपलांच्या स्टँडवर बसले. मी पाणी आणलं. "पाणी नको. तीस सेकंद दे." तीस सेकंद दिले. मग आणखी तीस. असे सहा दम झाले (मलाही ही सवय लागली आहे). मग ते स्टँडला धरून उठले, एक शब्द न बोलता वर गेले आणि दुसऱ्या दिवशी पाच चाळीसला आमच्या डोक्यावर पहिला धप्प पडला.

पुण्याच्या मुलीनं त्यांना मोबाइलवर एक आव्हान लावून दिलं होतं. तीस दिवसांचं. त्यात एक तरतरीत मुलगी समुद्राकाठी उभी राहून इंग्रजीत सांगते, तीस सेकंद व्यायाम, तीस सेकंद आराम. तीस हा आकडा ऐकला आणि कॅप्टन विरघळले. तिला ते 'कोच' म्हणतात. मात्र कोच हसते हे त्यांना खपत नाही. "जिला स्वतःला दम लागत नाही, तिनं दुसऱ्याला दम देऊ नये," हे त्यांचं मत त्यांनी मला जिन्यात तीनदा ऐकवलं, तिन्ही वेळा कठड्याला टेकून, धापा टाकत.

कोचच्या प्रत्येक व्यायामाशी त्यांचं भांडण आहे. बर्पी, म्हणजे आमच्या छतावरचा तो धप्प : उकिडवं बसायचं, पाय मागे फेकायचे, एक जोर, पाय पुढे, आणि उंच उडी. "याला नवीन नाव कशाला? चौघांनी धरल्यावर सुटायला मी आयुष्यभर हेच करत होतो." भिंतीला पाठ लावून हवेतल्या खुर्चीवर बसणं, हे कॅप्टनांच्या शाळेत गृहपाठ न केल्यावर फुकट मिळायचं. आणि एके दिवशी कोचनं 'हिंदू पुशअप' सांगितला तेव्हा कॅप्टन मोबाइल घेऊन थेट खाली आले. "हे बघ. आमच्या तालमीत याला नुसते जोर म्हणायचे. जोरांना धर्म कधीपासून लागला?" मी लेखक असल्यामुळे असल्या सगळ्या घोटाळ्यांना मीच जबाबदार, अशी त्यांची समजूत आहे.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी उड्या मारायला मनाई केली आहे. कॅप्टननी सुवर्णमध्य काढला : उडी जोरात मारायची, पण खाली हळू यायचं. हे शास्त्रात बसत नाही, हे खालच्या मजल्यावरचा कुणीही सांगेल. पुरुष गटात ८५ किलोची वजनमर्यादा असते, कॅप्टन ९४. "नऊच किलोंचा प्रश्न आहे," ते म्हणतात, जणू बाकी निवड पक्की झालेली आहे.

तीस दिवसांचं आव्हान तीस दिवसांत संपेल या आशेवर मी फेब्रुवारी काढला. एकतिसाव्या दिवशी कॅप्टननी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. "मध्यंतर झालं. आता बाजू बदलायची." खरंच बदलली. तेव्हापासून ते आमच्या हॉलवर उड्या मारतात आणि महिन्यानं परत बेडरूमवर येतात.

वहिनींना मी एकदा अप्रत्यक्षपणे विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांना दम आहे तोवर उड्या मारू देत. नुसते बसले की स्वयंपाकघरात येऊन मला फोडणी शिकवतात." वहिनींची जागा सोफ्याच्या डाव्या टोकाला. तिथे बसून त्या भाजी निवडतात, पेपर वाचतात, मुलीशी बोलतात. कॅप्टन त्यांना 'डावा कोपरा' म्हणतात. बचावफळीत घोट्याची पकड करणाऱ्या खेळाडूचं हे स्थान. मला आपला तो लाडाचा शब्द वाटायचा.

इतिहास मात्र कॅप्टनांना तोंडपाठ. १९३६ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डी दाखवून आले, हे ते अशा थाटात सांगतात की बोटीत शेजारच्या बाकावर हेच होते. त्यानंतर थेट १९९०. आशियाई स्पर्धेत कबड्डी पहिल्यांदा आली. "कबड्डी बीजिंगला गेली आणि मी डोंबिवलीला आलो," एवढ्या एका वाक्यात ते तो विषय संपवतात. त्या वाक्यात गुडघा आहे, बँकेचं गृहकर्ज आहे, आणखी काय काय आहे ते मी विचारलेलं नाही.

त्यांच्या हॉलमध्ये एक टेबलफॅन आहे. उत्कृष्ट चढाईपटूचं बक्षीस. मंडळांच्या रात्रीच्या सामन्यांत अशी बक्षिसं असत, पंखा, सायकल, स्टीलचा पिंप. व्यायाम करताना कॅप्टन तोच लावतात. तो वारा कमी देतो, आवाज जास्त. २०१४ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा त्यांनी सगळा जिना घरी बोलावला, पोहे दिले, आणि खेळाडू मातीऐवजी मॅटवर, बूट घालून उतरलेले पाहून टीव्हीकडे पाठ करून बसले. २०१८च्या लिलावात एका चढाईपटूची बोली कोटीच्या पुढे गेली, त्या संध्याकाळी मी मुद्दाम खोचक विचारलं, "कॅप्टन, तुम्हाला किती मिळाले असते हो?" त्यांनी विचार केला. "दोन पंखे," ते म्हणाले.

पण कहर केला तो २०२३च्या ऑक्टोबरनं. हांगझोऊची आशियाई स्पर्धा, अंतिम सामना, समोर इराण. पाच वर्षांपूर्वी जकार्तात याच इराणनं आपल्याला उपांत्य फेरीत घरी पाठवलं होतं, ती जखम ओली. शेवटच्या मिनिटांत आपला चढाईपटू कुणाला स्पर्श न करता लॉबीत गेला, मागोमाग इराणी बचावपटूही गेले, आणि गुण कुणाचे यावरून असा वाद पेटला की खेळ बराच वेळ थांबला. मैदानाच्या दोन्ही कडांना एकेक मीटरचा पट्टा असतो, ती लॉबी. स्पर्श झाल्याशिवाय तिथे पाय टाकला की बाद. शेवटी आपण ३३-२९ जिंकलो. पण तो नियम आम्हा अडाण्यांना समजलेला नाही हे कॅप्टनांच्या लक्षात आलं, आणि दुसऱ्या दिवशी इमारतीच्या लॉबीत, वॉचमनला इराण करून, त्यांनी प्रात्यक्षिक दिलं.

तेव्हापासून कॅप्टन कुणाला तरी हात लावल्याशिवाय इमारतीच्या लॉबीत पाऊल टाकत नाहीत. आधी आम्हाला ती थट्टा वाटली. पण वॉचमन आता त्यांना येताना पाहून खांदा पुढे करतो. तो जेवायला गेला असेल तर कॅप्टन फाटकाबाहेर थांबतात. परवा पार्सल घेऊन आलेल्या एका पोऱ्याला त्यांनी मागून टप्पल मारली आणि "सॉरी, आत जायचं होतं," म्हणाले. पोऱ्या अजून आमच्या इमारतीत एकटा येत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या पंख्याजवळचं प्लास्टर सुटलं. तळहाताएवढा तुकडा उशीच्या वीतभर अलीकडे पडला. मी तो पुराव्यादाखल घेऊन रविवारी सकाळी आठला वर गेलो. भांडायचं ठरवूनच. पहिलं वाक्य जिन्यात पाठ केलं होतं.

दार उघडंच होतं. कॅप्टन म्हणाले, "बरं झालं आलास. कोच दुरुस्तीला गेलीय." मोबाइल पडला होता. त्यांनी माझ्या हातातलं प्लास्टर घेऊन टीव्हीवर ठेवलं आणि माझाच मोबाइल माझ्या हातात दिला. "स्टॉपवॉच लाव. आज बर्पी नाही. आज चढाई."

टीव्हीमागच्या भिंतीवर संघाचा फोटो होता. मधे ढाल धरून बसलेला, गालफडं आत गेलेला पोरगा म्हणजे कॅप्टन. ते बोट फिरवत गेले : "हा गेला. हा गेला. हा विरारला. हा गेला. हा कुठे आहे कळत नाही."

टीपॉय स्वयंपाकघरात गेला होता. दाराशेजारच्या फरशीची रेघ ही मध्यरेषा. सोफ्याच्या डाव्या टोकाला वहिनी मेथी निवडत होत्या. कॅप्टननी वाकून रेघेला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आत शिरले.

खालून दोन वर्षं मी हा माणूस फक्त ऐकला होता. वरून, म्हणजे समोरून, तो वेगळाच दिसला. ९४ किलो कुठे गेले कळेना. डावा पाय पुढे, हात पसरलेले, नजर सोफ्यावर, आणि तो जप. उजवीकडे एक हुलकावणी दिली, टीव्हीच्या कपाटाला फसवलं, बाल्कनीच्या दारापर्यंत जाऊन बोनस घेतला. जप सतराव्या सेकंदाला तुटला. मला लगेच कळलं, तो तुटण्याची मी रोज वाट बघतो. कॅप्टनना मात्र कळलं नसावं. ओठ हलत होते. ते वळले, वहिनींच्या गुडघ्याला बोट लावून निघाले, आणि वहिनींनी मांडीवरची मेथी न सांडता त्यांचा घोटा धरला.

ते कोसळले. आमच्याकडे खाली पुन्हा प्लास्टर पडलं असणार. फरशीवर पालथे, हात मध्यरेषेकडे ताणलेला, रेघ चार बोटं लांब. श्वासाचा आवाज टेबलफॅनच्या वर चाललेला.

"किती झाले?" तोंड फरशीकडेच ठेवून त्यांनी विचारलं.

मोबाइलवर एक्केचाळीस होते. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"एकोणतीस," मी म्हणालो.

कॅप्टननी कोपर टेकलं आणि हात पुढे ढकलला. एक बोट. दोन. वहिनींनी घोटा सोडला नाही. पकडलेला गडी रेघेला शिवला तर पकडणारा बाद, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"लागला का?" त्यांनी विचारलं. अर्धी जुडी अजून निवडायची होती.