मध्या आणि उत्कलनबिंदू

तुमच्याही ओळखीत एक मध्या असेलच. रजा आपली मोजकी, आणि घाई मात्र त्याला नाही. ‘निवांत जाऊ, तंबू टाकू, मनाला येईल तिथं थांबू’ असं सांगून त्यानं मला मनाली-लेह रस्त्याला लावलं. मध्याच्या मनाला दर खिंडीत चहा येतो.

ढाब्यावरचा त्याला चालत नाही. गाडीतून स्टोव्ह, पातेलं, वाळवलेला गवती चहा आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर निघतो. मध्या विज्ञानाचा मास्तर. ‘दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशानं उतरतो,’ हे त्यानं बारालाचा खिंडीत सांगितलं, सरचूला सांगितलं आणि गाटा लूप्सच्या २१ वळणांवर, मी पोट आवळून बसलेलो असतानाही सांगितलं. बारालाचाला पाणी ८४ अंशांवर उकळलं. चहाला रंग आला, चव नाही. ‘पत्ती मुरायला वेळ देऊ,’ मध्या म्हणाला. मागं ट्रकवाले हॉर्न मुरवत होते.

गावंही तो अंशांवरूनच ओळखतो. लेह म्हणजे ८८. खारदुंग ला म्हणजे ८२. तिथं पाटी आहे, विरळ हवेत फार वेळ थांबू नका. लोक पाटीशेजारी फोटो काढून पळत होते. मध्या पाटीच्याच आडोशाला स्टोव्ह पेटवत होता.

पलीकडे नुब्रात, हुंदरच्या वाळूत, पारा नव्वदीला टेकला तेव्हा गडी मुलगा पास झाल्यासारखा हरखला. वाऱ्यानं कपात वाळू घातली. दोन मदारींचे उंट बघत होते. यारकंदच्या व्यापारी काफिल्यांतून आलेल्या उंटांचे हे वंशज; व्यापार थांबला आणि ते इथंच राहिले. ‘बघ, त्यांनाही घाई नाही,’ मध्या म्हणाला.

‘अरे, कुकर आणलायस ना? त्यात कर की!’ मी रोज ओरडायचो. दाब वाढला की पाणी जास्त तापतं, हे त्यानंच शिकवलेलं. पण ‘कुकरात भात करतात. चहा पातेल्यातच!’ हे त्याचं तत्त्व.

परतताना मोरेच्या मैदानात रस्त्याचं काम चालू होतं. झारखंडहून आलेली पोरं, तोंडाला फडकी बांधून, उकळत्या डांबरापाशी. मध्यानं गाडी थांबवली. मी कपाळाला हात लावला. त्यानं कुकर काढला, पाणी, पत्ती, साखर, दूध पावडर सगळं त्यात लोटलं आणि शिट्टी लावली.

‘आणि तत्त्व?’

‘दिवसभर डांबर ओढतात रे. त्यांना काय कच्चा पाजायचा?’

चहा फक्कड झाला असावा. पोरांनी ग्लास पुन्हा पुढे केले, मध्या ओतत राहिला. मीही माझा कप सरकवला. त्यानं तो शांतपणे बाजूला ठेवला आणि पातेलं काढलं.

‘तुला कुठं कामावर जायचंय?’