इकडील हवा ठीक आहे

मु. शारजा

ती. बाबा व ती. आईस सा. न. वि. वि.

वाळूत गाडी घालण्याआधी चारही टायरांतली हवा काढावी लागते. रस्त्यावर ३५ पौंडांवर धावणारा टायर बिग रेड नावाच्या वाळूच्या टेकडीपाशी पोचल्यावर १५ पौंडांपर्यंत उतरवतात. दाब उतरला की टायर लांबट पसरतो, गाडीचे वजन जास्त वाळूवर वाटले जाते आणि चाक रुतत नाही. १० पौंडांच्या खाली गेल्यास मात्र अचानक वळवताना टायर रिमवरून निसटण्याची भीती असते. पुण्यात दुसऱ्याच्या गाडीची हवा काढतात, तीही पार्किंगवरून बिनसल्यावर. इथे मालक स्वतःच्याच चाकापाशी उकिडवा बसून गेज लावून ती काढतो, हे घरी पटणे अवघड आहे.

खरा प्रश्न परतीचा. इतक्या कमी हवेवर डांबरी रस्त्यावरून वेगाने निघाल्यास टायरच्या बाजू सतत वाकतात, तापतात आणि शेवटी फाटतात. म्हणून हवेची सोय बरोबर असावी लागते. ती किती, याचे गणित आधी केलेले बरे. मोठ्या जीपच्या टायरात साधारण ६५ लिटर जागा असते. २० पौंड चढवायचे म्हणजे बाहेरची ८५-९० लिटर हवा आत कोंबायची. चार टायरांची मिळून सुमारे ३५० लिटर.

घरून वारंवार सुचवण्यात येणारा पायपंप या हिशेबात टिकत नाही. एका दाबाला पाव लिटर धरली तरी १४०० दाब होतात. प्रकृतीला उत्तम, पण चौथ्या टायरापर्यंत पोचणारा गृहस्थ पुढे गाडी चालवण्याच्या स्थितीत नसतो.

त्यानंतर येतो लायटरच्या सॉकेटला जोडायचा छोटा कॉम्प्रेसर. खोक्यावर मिनिटाला ३५ लिटर छापलेले असते, म्हणजे काम दहा मिनिटांचे. मात्र हा आकडा नळीचे तोंड मोकळे असतानाचा. टायरमधला दाब चढू लागला की ओघ आटतो, पंप तापतो आणि त्याला विश्रांती द्यावी लागते. सॉकेटचा फ्यूज बहुधा १०-१५ अँपिअरचा, त्यामुळे याहून दांडगी मोटर तिथे चालतही नाही. पंप विसावला की भोवती सल्लागार जमतात. मराठी मंडळींच्या सहलीत त्यांचा तुटवडा कधीच नसतो, आणि आधी पुढचे भरावेत की मागचे यावर दोन पक्ष पडतातच.

शहाणा पर्याय म्हणजे थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा मोठा कॉम्प्रेसर. तो मिनिटाला १५० लिटरच्या आसपास हवा देतो. प्रत्यक्षात थोडी कमी धरली तरी चार टायर चहा गाळेपर्यंत होतात. तो ३० अँपिअर किंवा अधिक करंट ओढतो, म्हणून इंजिन चालू ठेवावे. पंप वाळूवर न ठेवता पायपुसण्यावर ठेवावा, नाहीतर फिल्टर वाळूने भरतो. नळीच्या पितळी टोकाला लगेच हात लावू नये. हा शेवटचा नियम घरातील प्रत्येकाला ठाऊक असून प्रत्येक जण तो बोटे भाजूनच शिकला आहे.

हौशी मंडळी सिलिंडर नेतात. पाणबुड्यांच्या ११ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २२०० लिटर हवा मावते; सहा गाड्यांचे काम होते. साडेचार किलो कार्बन डायऑक्साइडही जवळपास तेवढाच वायू देतो, पण तो रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो. शिवाय ३१ अंशांच्या वर तो द्रव राहूच शकत नाही. इथल्या उन्हाळ्यात बंद गाडीत हे सिलिंडर ठेवणे म्हणजे दाब वाढवून संकटाला आमंत्रण. रेग्युलेटर तर दोन्हींना हवाच. यांचा खरा फायदा रिमवरून उतरलेला टायर बसवताना दिसतो. तिथे एकदम भरपूर हवा लागते आणि छोटा कॉम्प्रेसर नुसताच घरघरतो.

इंजिनाकडूनच हवा घेण्याची युक्ती जुनी आहे. एक स्पार्क प्लग काढून त्या जागी पंप बसवत आणि उरलेल्या सिलिंडरांवर इंजिन चालवत. डिझेल गाडीला स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. अमेरिकेतले जीपवाले जुन्या गाड्यांचा यॉर्क कंपनीचा एसी कॉम्प्रेसर पट्ट्यावर बसवून हवेसाठी वापरतात, कारण त्याचे तेल त्याच्याच पोटात असते. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने हे उद्योग करू नयेत.

कोणत्याही साधनाने भरली तरी तापलेल्या टायरवर गेज दोन-चार पौंड जास्त दाखवते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, दाब पुन्हा मोजावा आणि कमी निघेल तेवढी हवा पेट्रोल पंपावर भरून घ्यावी.

कळावे. लोभ असावा.

आपली मुले